वालाला रात्र हवी असते

रात्रीचे दहा वाजायला आलेत आणि मी झारीने टोमॅटोंना पाणी घालते आहे. दिवा लावलेला नाही, लागतही नाही. पश्चिमेच्या कुंपणावर अजून ऊन आहे. फोन खताच्या पोत्याला टेकवून उभा केलाय आणि त्यात आई आहे. रोह्याजवळच्या आमच्या घरी दुसऱ्या दिवसाचे साडेनऊ होताहेत, पाऊस लागलाय, आणि ती ओटीवर शेवग्याचा पाला निवडत बसलीय. मध्येच मान वर करून ती माझ्यामागचं आभाळ बघते.

“अगं, अजून उजेड? मग ही झाडं झोपतात कधी?”

हे २०२१ च्या जूनमधलं. मी हसले आणि विषय बदलला. त्या प्रश्नाचं उत्तर हातात यायला मला पुढची चार वर्षं लागली.

मी राहते ते एडमंटन कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, साडेत्रेपन्न अंश उत्तरेला आहे. २१ जूनला इथे पहाटे पाचच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. सतरा तासांचा दिवस. डिसेंबरात तोच दिवस साडेसात तासांवर येतो. सकाळी पावणेनऊपर्यंत काळोख, संध्याकाळी सव्वाचारला पुन्हा काळोख, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर. आमच्या रोह्याकडे वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यांत लहान अकरा तासांचा. म्हणजे मी ज्या मातीत वाढले तिथे वर्षभरात उजेड सव्वादोन तासांनी कमीजास्त होतो, आणि इथे साडेनऊ तासांनी. बाग करायला लागले तेव्हा हे आकडे मला माहीत होते, पण त्यांचा भाजीशी काही संबंध असेल असं डोक्यात आलं नव्हतं. डोक्यात फक्त थंडी होती.

थंडीनेच पहिला धडा दिला. पहिल्या वर्षी मे महिन्याच्या दहा तारखेला छान ऊन पडलं, पारा बावीसवर गेला, आणि मी मार्चपासून खिडकीत जपलेली टोमॅटोची अठरा रोपं एका दुपारी वाफ्यात लावून टाकली. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून बघत होत्या. त्या मूळच्या युक्रेनियन घराण्यातल्या. एडमंटनच्या पूर्वेकडे १८९० च्या दशकापासून युक्रेनियन शेतकरी कुटुंबं येऊन वसली, त्यांतलं त्यांचं एक. त्या एवढंच म्हणाल्या की लाँग वीकेंड अजून झालेला नाही. इथे २५ मेच्या आधीच्या सोमवारी व्हिक्टोरिया डेची सुट्टी असते, आणि त्या सुट्टीआधी कोवळं काही बाहेर लावू नये ही इथल्या जुन्या माणसांची रीत. चौथ्या रात्री फ्रॉस्ट पडला. पानांवरचं दव गोठलं, पानांच्या आतलं पाणीही गोठलं, आणि सकाळी अठराच्या अठरा रोपं उकडलेल्या पालकासारखी काळपट होऊन मातीला चिकटली होती. मी वाफ्याशी बसून रडले. आजी त्यांची उरलेली सहा रोपं घेऊन आल्या, पण ती माझ्या हातात दिली मात्र लाँग वीकेंडनंतर.

बाबांना हे फोनवर सांगितलं तर त्यांनी विचारलं, “मृग कधी निघतो तुमच्याकडे?” मृग सगळीकडे एकाच दिवशी निघतो, सात-आठ जूनला. पण गंमत बघा, त्यांचं खरं ठरलं. मिरची, काकडी, टोमॅटो यांच्यासाठी रात्री दहा अंशांच्या वर राहतील असा भरवसा मला इथे येतो तो जूनच्या पहिल्या आठवड्यातच. तेव्हापासून माझ्या बागेत लाँग वीकेंडला बटाटा, वाटाणा, बीट, पालक. आणि मृगावर टोमॅटो. हे वेळापत्रक अजून मोडलेलं नाही.

ग्रीनहाऊस तिसऱ्या वर्षी आलं. आठ बाय बारा फुटांचं, दुहेरी पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यांचं, लांब बाजू दक्षिणेकडे. आई त्याला मांडव म्हणते, कारण आमच्याकडे पडवळ-दुधी चढतात तो मांडव, आणि झाडांसाठी उभारलेल्या कशालाही तिच्याकडे दुसरा शब्द नाही. मलाही तोच शब्द आवडतो.

मांडवात हीटर नाही. उत्तरेच्या भिंतीला काळ्या रंगाची दोनशे लिटरची तीन पिंपं पाण्याने भरून ठेवली आहेत. दिवसा ती तापतात, रात्री हळूहळू ऊब सोडतात. त्याने दोन-तीन अंशांचाच फरक पडतो, पण एप्रिलच्या रात्री दोन-तीन अंश म्हणजे जगणं आणि मरणं. छताला एक झडप आहे, तिच्या दांडीत मेण भरलेली नळी. ऊन वाढलं की मेण फुगतं, दट्ट्या पुढे सरकतो, झडप उघडते. गार झालं की आपोआप मिटते. वीज नाही, तार नाही. पहिल्यांदा ती झडप माझ्या डोळ्यांदेखत श्वास घेतल्यासारखी उघडली तेव्हा मी हातातलं खुरपं ठेवून बघत राहिले.

लोकांना वाटतं ग्रीनहाऊस म्हणजे उष्णता अडवणारी जादूची काच. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ साली एक साधा प्रयोग केला होता. एक डबा काचेने झाकला आणि एक सैंधव मिठाच्या पारदर्शक पातळ तुकड्याने. सैंधवातून उष्णतेचे किरण आरपार जातात, काचेतून जात नाहीत. तरी दोन्ही डबे जवळजवळ सारखेच तापले. म्हणजे ऊब टिकते ती मुख्यतः गरम हवा कोंडून राहिल्यामुळे. मला हे वाचण्याआधीच कळलं होतं, एका एप्रिलमध्ये रात्रभर दार बोटभर उघडं राहिलं तेव्हा. सकाळी आत आणि बाहेर एकच तापमान होतं.

तर मांडव झाला, थंडी थोडी आवाक्यात आली, आणि मला आता सगळं येईल असं वाटायला लागलं. मेथी, कोथिंबीर, मिरच्या, वांगी. मेथी आणि कोथिंबीर आली खरी, पण वीत-दीड वितीची झाली की जूनमध्ये सरळ फुलावर जाई. मला वाटलं पाणी कमी पडतंय. मग कांदा. अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला आता भौगोलिक मानांकन आहे, तो खाऊन मी मोठी झालेली. बाजारात त्याच्या वेण्या टांगलेल्या असतात, गोड, पातळ सालीचा, कच्चा चावून खावा असा. तसा काही मिळेल म्हणून मी टेक्सासकडच्या एका गोड पांढऱ्या कांद्याचं बी मागवलं. फेब्रुवारीत दिव्याखाली रोप टाकलं, मेमध्ये वाफ्यात लावलं, खुरपलं, खत घातलं. जूनच्या मध्यालाच पाती माना टाकू लागल्या. उपटून बघितलं तर बोरांएवढे कांदे. शेजारी आजींच्या वाफ्यात तेव्हा गड्डा धरायचाही पत्ता नव्हता, आणि सप्टेंबरात त्यांनी मुठीत मावणार नाहीत असे कांदे काढले.

आणि मग वाल.

आमच्याकडे पावसाळा संपून भात कापलं की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. त्याला वरून पाणी द्यावं लागत नाही. मातीतली ओल, पहाटेचं दव आणि थंडी, एवढ्यावर तो वाढतो. जानेवारीत शेंगा भरतात आणि मग पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वरून पुन्हा पाला; मडकं पालथं घालून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. त्या पाल्याचा वास अंगाला, केसांना, दुसऱ्या दिवशीच्या शाळेच्या गणवेशाला राहतो. परदेशात राहणाऱ्या रायगडच्या माणसाला काय आठवतं असं कुणी विचारलं तर मी समुद्र सांगणार नाही, हा वास सांगेन.

इथल्या भारतीय किराणा दुकानात कडव्या वालांची पाकिटं मिळतात. एका रविवारी बिरड्यासाठी वाल भिजवले, कपड्यात बांधून मोड आणले, आणि सोलायला बसले तर एक-एक मोड इतका तरतरीत की त्यांतले दहा-बारा उचलून मी कुंडीत खोचले. आठवड्यात दोन पानं वर आली. तेच ते वर्ष, २०२१. जूनच्या शेवटी उष्णतेची मोठी लाट आली, पारा पस्तीसच्या वर गेला, टोमॅटोची फुलं गळून पडली. वालाला काहीही झालं नाही. जुलैत वेल मांडवाच्या छताला लागला. पानं तळहाताएवढी रुंद, जांभळट देठ, बघत राहावं असं रूप. आणि फूल एकही नाही. ऑगस्टमध्ये नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पानांच्या बेचक्यांत मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या, आणि आठवड्याभरात फ्रॉस्टने मांडवात शिरून वेल झोपवला.

पुढच्या वर्षी बी आधी पेरलं, मार्चमध्ये. तेच झालं. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, मे महिन्यातच अल्बर्टाच्या जंगलांत मोठे वणवे लागले, आणीबाणी जाहीर झाली, धुराने सूर्य नारिंगी दिसायचा. त्या वर्षी मी दोष धुराला दिला. खत बदललं, माती बदलली, वेलाची शेंडी खुडली, पाणी तोडलं. चौथ्या वर्षी आई म्हणाली, “त्याला तिथलं मानवत नाही. सोड नाद.” मला ते सोसलं नाही. मला वाटलं ती वालाबद्दल बोलत नाहीये.

उत्तर मिळालं ते हिवाळ्यात. इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दिवस दहा तासांच्या खाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यालाच वर येतो. दिवस दहा तासांच्या आत आला की झाडांची वाढ जवळजवळ थांबते, हे अमेरिकेच्या मेन राज्यातले शेतकरी एलियट कोलमन फार पूर्वीपासून सांगत आलेत. त्या महिन्यांत मांडवातला पालक, दोन पदरी कापडाखाली, मरत नाही आणि वाढतही नाही. पान तेवढंच राहतं. बाहेर उणे पंचवीस, आणि आत बोटभर पालक थांबून आहे. कशासाठी थांबून आहे? फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात थंडी तेवढीच होती, बर्फ उलट वाढलेला होता, आणि पालकाने मधोमध नवं पान काढलं. त्या सकाळी मला पहिल्यांदा लख्ख कळलं की ही झाडं पाऱ्याकडे बघत नाहीयेत.

मग मी वाचत सुटले. १९१८ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन इथे अमेरिकेच्या कृषिखात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांपुढे हीच अडचण होती. तंबाखूची एक जात शेतात पुरुषभर उंच वाढायची, पण फुलायची नाही. तीच हिवाळ्यात ग्रीनहाऊसमध्ये मात्र निमूट फुलायची. खत, पाणी, उष्णता, सगळं तपासून झाल्यावर त्यांनी एक लहानशी काळोखी खोपटी बांधली. दुपारी चारला कुंड्या आत, सकाळी नऊला बाहेर. तंबाखू भर उन्हाळ्यात फुलली. १९२० साली त्यांनी ते जगासमोर मांडलं: झाड दिवसाची लांबी मोजतं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी आणखी खोल जाऊन दाखवलं की मोजतं ते खरं म्हणजे रात्र. सलग, न तुटलेली रात्र. मध्येच क्षणभर दिवा लागला तरी मोजणी बिघडते.

मी ते वाचलं आणि सगळी कोडी एका ओळीत उभी राहिली. मेथी-कोथिंबिरीला लांब दिवस म्हणजे फुलायची हाक. दक्षिणेकडच्या कांद्याला अकरा-बारा तास उजेड मिळाला की तो गड्डा धरतो. इथे मेमध्ये सोळा तास, म्हणून रोप मोठं होण्याआधीच त्याने घाई केली. आजींचा कांदा उत्तरेचा, त्याला चौदा-सोळा तासांशिवाय गड्डा धरायचाच नसतो. आणि वाल? वाल हे भातानंतरचं पीक. शेकडो वर्षं तो मार्गशीर्ष-पौषातल्या तेरा तासांच्या रात्रीत फुलत आला. त्याच्या दृष्टीने माझ्या अंगणात रात्र झालेलीच नव्हती. तो वेल उन्हाळाभर हिवाळ्याची वाट बघत होता, आणि त्याला हवी तेवढी रात्र इथे यायची ती फ्रॉस्टला बरोबर घेऊन.

मग ही झाडं झोपतात कधी? आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

२०२५ च्या उन्हाळ्यात मी बांबूच्या काठ्यांची चौकट केली आणि तिच्यावर जाड काळं कापड शिवलं, बाहेरून पांढऱ्या चादरीचं अस्तर, म्हणजे संध्याकाळच्या उन्हाने आत भट्टी होऊ नये. खाली विटांवर वीतभर उंच, हवा खेळायला, आणि भोवती आडवी फळी, म्हणजे उजेड शिरू नये. तीन कुंड्या आत. चौथी मुद्दाम बाहेर ठेवली, त्याच पाकिटातल्या बियांची. एक जुलैपासून रोज संध्याकाळी सहाला कापड टाकायचं, सकाळी सातला काढायचं. अकरा तासांचा दिवस, रोह्याच्या डिसेंबराएवढा.

सहा वाजता इथे भर ऊन असतं. मुलं सायकली फिरवत असतात, शेजारी मांस भाजायची शेगडी पेटवतात, आणि मी मांडवात जाऊन तीन वेलांवर रात्र पांघरते. पहिल्या आठवड्यात मला ते फार विचित्र वाटलं, एखाद्या मुलाला खेळातून उचलून आणून झोपवल्यासारखं. ऑफिसातून उशीर होणार असला की नवऱ्याला फोन. एका शुक्रवारी दोघंही विसरलो आणि साडेनऊला आठवलं. एकदा मध्यरात्री, आईला दाखवायला म्हणून, मी टॉर्च घेऊन कापड उचललं. दुसऱ्या दिवशी हॅमनर-बॉनर आठवले आणि पोटात खड्डा पडला. त्यानंतर मात्र नेम चुकवला नाही. आईचा रोजचा प्रश्नही बदलला. “जेवलीस का” याच्या आधी ती विचारायची, “काळोख केलास का?”

जुलैच्या मध्यात एका दुपारी गारपीट झाली, आठ-दहा मिनिटांची. बाहेरच्या भोपळ्याच्या पानांची चाळण झाली, बिटाची पानं मातीत गेली. मांडवाचे पत्रे टिकले. आजींची बडीशेपेसारखी दिसणारी शेपू, जी त्या कधी पेरत नाहीत आणि दरवर्षी आपली आपण उगवते, ती आडवी पडली आणि तीन दिवसांत पुन्हा उभी राहिली. ह्या लांब उजेडाचं देणंही मोठं आहे, ते नाकारून चालणार नाही. इथली कोबी, गाजर, वाटाणा ज्या वेगाने वाढतात तसं मी कोकणात कधी पाहिलं नाही. अलास्कातल्या पामरच्या जत्रेत २०१२ साली साडेबासष्ट किलोंहून जड कोबी तोलला गेला होता. उत्तरेच्या उन्हाळ्याला दिवस थोडे मिळतात, म्हणून तो रात्रीतले तास उसने घेतो.

नऊ ऑगस्टला सकाळी सातला कापड काढलं आणि मधल्या कुंडीतल्या वेलाच्या बेचक्यात दांडा दिसला. त्यावर कळ्या, दाटीवाटीने, खालून वर लहान होत गेलेल्या. चार दिवसांनी पहिलं फूल उघडलं. मी बाकीच्या दोन्ही कुंड्या पाहिल्या, तिथेही होत्या. चौथीकडे गेले. चौथी छताला भिडली होती, हिरवीगार, देखणी, आणि तिच्यावर काही नव्हतं. त्या वेलाला मी उगाच बाहेर ठेवलं असं वाटून गेलं. त्याच्या पानांवरून हात फिरवला.

सप्टेंबरात बागेची धावपळ असते. रोज चार मिनिटं उजेड कमी होतो, म्हणजे आठवड्याला जवळजवळ अर्धा तास. संध्याकाळ अक्षरशः हाताखालून सरकते. टोमॅटो पिकण्याची वाट बघता येत नाही. हिरवे उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळून तळघरात ठेवायचे, ते दिवाळीपर्यंत एकेक करून पिकतात. उरलेल्यांची तीळ-शेंगदाणे घालून चटणी. गाजरं मात्र जमिनीतच ठेवायची. थंडी लागली की ती आपल्यातल्या पिठाची साखर करतात, म्हणजे आतलं पाणी लवकर गोठत नाही, आणि आपल्याला ती गोड लागतात. ऑक्टोबरात लसूण लावायचा, बर्फ पडण्याआधी. त्याला कडक हिवाळा मिळाल्याशिवाय कांड्या सुट्या होत नाहीत. माझा सगळा लसूण आजींच्या वाणाचा. त्यांनी पहिल्यांदा दिला तेव्हा सांगितलं होतं की सगळ्यांत मोठी पाकळी खायची नाही, ती लावायची.

बावीस सप्टेंबरला घट बसले. आईने फोनवर दाखवलं: पत्रावळीवर काळी माती, तिच्यात पेरलेलं धान्य, वर घट. देवघरात काळोख असतो, म्हणून ते धान पिवळं, लांबट उगवतं आणि दसऱ्याला आपण ते केसांत, टोपीत खोवतो. लहानपणापासून बघत आलेलं. काळोखात झाड काय करतं हे आमच्या घरात दरवर्षी नऊ दिवस समोर असायचं.

त्याच दिवशी विषुव होता. एडमंटनमध्ये बारा तासांचा दिवस आणि रोह्यातही बारा तासांचा. वर्षातून दोनदाच आमचा उजेड सारखा होतो.

मांडवात तीन वेलांना मिळून एकेचाळीस शेंगा धरल्या होत्या. त्यांतल्या पंधरा मी तोडल्या नाहीत, त्या बियाण्याला. बाकीच्या एका लहान मातीच्या भांड्यात घातल्या, मीठ, ओवा. भांबुर्डी इथे नाही. वाफ्यात दाटलेली शेपू आणि मुळ्याचा पाला भरला. ओव्हनमध्ये ठेवलं. वास तो नव्हता, पण शेंग सोलली तेव्हा दाणा तोच होता, कडवट, पिठूळ, जिभेला चिकटणारा. आईला फोनमध्ये दाखवत मी एकेक खाल्ला. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. तिच्याकडे सकाळ होती, घटाजवळचा दिवा मागे दिसत होता.

मग नेहमीसारखं म्हणाली, “काळोख केलास का?”

मी दाराबाहेर पाहिलं. पावणेआठ झाले होते आणि कुंपणापलीकडे आजींच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता. कापड मांडवातल्या खुंटीवर घडी करून ठेवलेलं होतं.

“आज नाही केला, आई,” मी म्हटलं. “आज आपला आपण झाला.”